घट धरून

डेंटल लॅब बघायला कुणी आलं की त्याला सिरॅमिकच्या टेबलापाशी नेतात. तिथे बारीक ब्रश असतात, पोर्सेलिनच्या छटा असतात, भट्टीवर लाल आकडे पळत असतात. फोटो चांगला येतो. प्लास्टर रूमकडे कुणी वळत नाही. ती बहुतेक लॅबमध्ये मागच्या अंगाला, सिंकच्या बाजूला असते. फरशी कायम पांढरी, आणि सिंकचा पाइप तुंबला की शिव्या आमच्याच खात्यावर. इंदूरमधल्या अशाच एका खोलीत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. कॅप किंवा ब्रिज (जोडलेल्या कॅपांची ओळ) करायचा तर डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं आणि त्यात डेंटल स्टोन ओतून मी मॉडेल काढते. मेणकाम, मेटल, पोर्सेलिन, पुढचं सगळं त्या मॉडेलवर. पेशंट आम्हाला कधीच दिसत नाही. रस्त्यात समोर आला तरी ओळखणार नाही. हसला तर कदाचित.

टिळक नगरच्या मावशींना एकदा लग्नाच्या पंगतीत हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे दात हुबेहूब काढून ठेवायचा, एवढंच ना?" मी हो म्हटलं. समोर श्रीखंड आलेलं असताना याहून जास्त काय सांगणार? पण गंमत अशी की हुबेहूब मॉडेलवर हुबेहूब केलेली कॅप दातावर चढतच नाही. आत सिमेंटला जागा हवी. माप घेतानाचं मटेरियल आकसतं, स्टोन फुगतो, मेण गार होताना आकसतं, साच्याचं मटेरियल तापलं की फुगतं, ओतलेला धातू गोठताना पुन्हा आकसतो. वाटेतला एकही टप्पा खरं बोलत नाही. तरीही शेवटी कॅप बसते, कारण कुणीतरी हे अधिक-उणे जुळवून ठेवलेलं असतं. आमच्या कामातली अचूकता म्हणतात ती ही.

माझे आजोबा सराफ्यात कारागीर होते. रात्री भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू खायला लोक ज्या सराफ्यात जातात, तोच; फक्त दिवसाचा. सोनं तोलून कारागिराकडे जायचं, दागिना तोलून परत यायचा, आणि मधे किती घट धरायची हे आधीच बोलून ठरलेलं असायचं. कानस चालली की कण उडणार, त्यात वाद नाही. उडालेल्या कणांसाठी तर गल्लीतली धूळ झाडून नेणारे न्यारिये असत. "अजिबात घट नाही" म्हणणाऱ्या कारागिरावर आजोबांचा भरवसा नसे. कण उडाले नाहीत तर याने नक्की केलं काय, असं विचारत.

मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा घ्यायचा, मेण जाळायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही युक्ती सोनारांकडे फार जुनी. दाताच्या कामात ती १९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट या अमेरिकन दंतवैद्याने रुळवली. मॉडेलची गोष्ट त्याहून जुनी आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक, त्याचा दंतवैद्य फिलिप फाफ याने १७५६ मध्ये मेणात माप घेऊन त्यात प्लास्टर ओतायची रीत लिहून ठेवली. म्हणजे आजोबांचा धंदा आणि माझा धंदा लांबचे का होईना, नातेवाईक निघाले. घरात हे कुणाला फारसं पटत नाही. सोनं ते सोनं आणि चुना तो चुना, असं आमच्या काकांचं मत.

चुना नाही, जिप्सम. भारतातलं बरंचसं राजस्थानातून येतं. खनिज जिप्सम तापवलं की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं आणि पावडर उरते. पावडरीत आपण पाणी घालतो तेव्हा ती गेलेलं पाणी परत घेऊन पुन्हा दगड होते. उघड्या कढईत तापवलं तर दाणा वेडावाकडा, भुसभुशीत निघतो, ते साधं प्लास्टर. वाफेच्या दाबाखाली तापवलं तर दाणा घट्ट निघतो, तो स्टोन. रसायन दोन्हीकडे एकच, फरक दाण्याचा. भुसभुशीत दाण्याला कालवायलाच जास्त पाणी लागतं: शंभर ग्रॅम प्लास्टरला ४५ ते ५० मिलिलिटर, स्टोनला तीसच्या आसपास, आणि कॅपच्या कामाच्या डाय स्टोनला (डाय म्हणजे कॅप बसणार त्या दाताची स्टोनमधली प्रत) अवघं २२ ते २४. दगड व्हायला लागणारं पाणी तर १८-१९ मिलिलिटरच. वरचं सगळं पाणी फक्त कालवण्यासाठी. ते नंतर सुकून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. म्हणून "थोडं पातळ केलं की छान वाहतं" म्हणणाऱ्या नव्या पोरांना मी काटा आणि मापाची सिरिंज हातात देते.

"ताई, बघून कळतं की," एक जण म्हणाला होता.

"तुला कळतं रे. स्टोनला कळत नाही."

आणि तो फुगतो का? हिशेबाने पाहिलं तर त्याने आकसायला हवं. पाणी आणि पावडर यांच्या एकत्रित आकारमानापेक्षा तयार झालेलं जिप्सम कमी जागा घेतं. पण ते सुईच्या आकाराच्या स्फटिकांत वाढतं. एकेका बिंदूतून चहूबाजूंना सुया निघतात, शेजारच्या बिंदूच्या सुयांना भिडतात आणि रात्री साडेनऊला सराफ्यात शिरलेल्या माणसांसारखी कोपरं मारत एकमेकांना बाहेर ढकलतात. एकूण माल तेवढाच, पण घेर वाढतो, आणि आत पोकळ्या राहतात. जास्त घोटलं तर असे बिंदू जास्त तयार होतात, स्टोन लवकर धरतो आणि जास्त फुगतो. पाणी कमी पडलं तरी जास्त फुगतो. धरत असताना त्याला वरून आणखी पाणी मिळालं तर फुगणं दुप्पट होऊ शकतं. म्हणजे एकच पिशवी, तीन माणसं आणि तीन वेगवेगळे जबडे.

चांगल्या डाय स्टोनचं फुगणं एक दशांश टक्क्याच्या आसपास असतं. ऐकायला काहीच नाही. दहा मिलिमीटरच्या एका दाढेला ते दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग पडतं; एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण तोच टक्का जबड्याच्या या टोकाच्या दाढेपासून त्या टोकाच्या दाढेपर्यंत, पन्नासेक मिलिमीटरवर लावला की पन्नास मायक्रॉन होतात, आणि साध्या प्लास्टरने तेच काम केलं तर तिप्पटही. माणसाच्या दातांना चावताना वीसेक मायक्रॉनचा कागद मध्ये आलेला कळतो. एकट्या कॅपमध्ये बरंच काही लपतं, लांब ब्रिजमध्ये लपत नाही. म्हणूनच "समोरच्या दातांचं मॉडेल काय, प्लास्टरमध्ये ओतलं तरी चालतं" हे वाक्य मला आवडत नाही. कॅप चावणार कशावर, त्या समोरच्याच दातांवर ना? मॉडेल आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या सांगाड्यावर बसवतानाही हेच. गिलावा केल्यागत प्लास्टर थापलं तर तेही फुगतं, बाइट, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची मिटण, उचलली जाते, आणि डॉक्टर तोंडात कॅप घासत बसतात.

पाण्याचं एक इंदुरी प्रकरण आहे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. टाकी संपली की बोअरिंग. बोअरिंगच्या पाण्यातल्या क्षारांनी स्टोनचं धरणं पुढे-मागे होतं, त्यामुळे आज हाच स्टोन आठ मिनिटांत धरला आणि उद्या बारा, अशा तक्रारी प्लास्टर रूममध्ये नित्याच्या होत्या. मालकांशी पुष्कळ वाद घालून मी कालवायला डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणवला. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तरी असंच होतं: हवेतली ओल खाऊन पावडर आधी घाईने धरायला लागते, आणि आणखी ओल खाल्ली की धरायचं नावच घेत नाही. धुण्याचंही तसंच. तयार मॉडेल नळाखाली धरून ठेवलं तर त्याचे बारीक कोपरे विरघळतात, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या वर जिप्सम सहज जातं. म्हणून ट्रिमरचा (मॉडेल घासायच्या यंत्राचा) चिखल मुरवून ठेवलेलं, आधीच जिप्सम पिऊन बसलेलं पाणी आम्ही बरणीत राखतो. भिजवायचं असेल तर त्यात.

ओतणं हा यातला सगळ्यात छोटा भाग. पाणी आधी, पावडर नंतर. व्हॅक्यूम मिक्सरमध्ये अर्धं मिनिट. व्हायब्रेटरवर मापाचा ट्रे टेकवायचा आणि शेवटच्या दाढेच्या बाजूने थेंब सोडून तो दातादातातून पुढे सरकताना बघत राहायचं. घाईने मध्यभागी ओतलं तर हवा अडकते, आणि ती नेमकी मार्जिनवर, म्हणजे घासलेल्या दाताच्या कडेवर अडकते. का, ते मला विचारू नका. वरची चकाकी गेली की धरायला सुरुवात झाली, हात लावला तर ऊब लागते. मग तासभर काही करायचं नाही. हा तास शिकवायला सगळ्यात अवघड. खालच्या पुढच्या दातांच्या डाय काडीएवढ्या असतात, लवकर उपसल्या की मापातच मोडून राहतात.

हे सगळं आमच्या हातातलं. माप आमच्या हातात नसतं.

मापाच्या ट्रेला आतून चिकटद्रव्य लावलेलं असेल तर मटेरियल आकसताना ट्रेच्या भिंतीकडे ओढलं जातं. त्यामुळे दाताची पोकळी केसभर मोठी होते, डाय केसभर जाड येते आणि कॅपला जागा मिळते. म्हणजे ही चूक आपल्या बाजूची. चिकटद्रव्य नसेल तर मटेरियल ट्रे सोडून कुठे ओढलं जाईल याचा नेम नाही. आकसणं तेवढंच, पण कॅप बसत नाही. बरं, ओतलेलं मॉडेल दोन्ही वेळा सुंदरच दिसतं. डोळ्याने काही कळत नाही. म्हणून माप हातात आलं की मी आधी ट्रेची कड बघते, दात नंतर.

ॲडिशन सिलिकॉन या रबरी मटेरियलची मापं निवांत असतात, दोन दिवसांनी ओतली तरी चालतात. उलट काही प्रकारांना घाईच सोसत नाही. त्यांतून थोडा वेळ हायड्रोजन सुटत असतो, लगेच ओतलं तर मॉडेलभर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. डॉक्टरांनी लॅटेक्सचे हातमोजे घालून पुट्टी मळली असेल तर मोज्यांतल्या गंधकाने ती जागोजागी कच्ची राहते. दाबलं की बोटाला चिकटते. आल्जिनेट या मापाच्या दुसऱ्या मटेरियलची तऱ्हा अगदी वेगळी. ते बहुतांशी पाणीच असतं. उघडं ठेवलं तर पाणी सोडून आकसतं, ओल्या फडक्यात ठिबकेपर्यंत गुंडाळलं तर पाणी पिऊन फुगतं. त्याला दहा-पंधरा मिनिटांत ओतायला हवं, ते डॉक्टरांच्या दवाखान्यातच. प्रत्यक्षात ते पॉलिथिनच्या पिशवीत, आमच्या पोराच्या स्कूटरच्या हुकाला लटकून शहरभर फिरून येतं. रंगपंचमीला तर विचारूच नका. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघालेली, टँकरमधून रंगाचे फवारे आकाशात, जुन्या शहरातून सायकलसुद्धा निघत नाही, आणि पलीकडच्या एका दवाखान्याने सकाळीच आल्जिनेट काढून ठेवलेलं. संध्याकाळी ते आलं तेव्हा पिशवीबाहेरून गुलाबी-हिरवं आणि आतून चामड्यागत. मी ओतायला नकार दिला. "समोरच्याच दातांचं आहे हो," असा फोन आला. सणासुदीचं पेशंटला पुन्हा बोलवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते मला समजत होतं. पण समजून स्टोनला काय फरक पडतो?

फोन हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे आणि तो कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. घासलेल्या दाताची कड जिथे संपते ती मार्जिन. कॅप तिथपर्यंत यायला हवी, कमी नको आणि जास्तही नको. ती बरेचदा हिरडीच्या आत असते. हिरडी नीट बाजूला केलेली नसेल, रक्त आलं असेल, तर मापात त्या जागी एक गुळगुळीत, अर्थहीन वळण येतं. मग मी फोन करते. "सर, मार्जिन दिसत नाहीये." सरांची खुर्ची भरलेली असते. "ताई, तुम्ही इतकी वर्षं करताय, अंदाजाने मारा की रेघ." हे कौतुक आहे असं त्यांना खरंच वाटतं. लॅब लहान आणि डॉक्टर जुने असले की नाही म्हणणं जड जातं. दुसऱ्या लॅबचं कार्ड त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतंच. तरी मी नाहीच म्हणते, आणि त्याला कारण आहे. मोजून कालवला तर स्टोन दरवेळी तेवढाच आणि त्याच बाजूला फुगतो, म्हणून त्याचा आकडा धरता येतो. अंदाजाने मारलेली रेघ कधी आत जाते कधी बाहेर. तिची घट कशी धरणार?

मार्जिन दिसली की मात्र खरी मजा सुरू. मॉडेलच्या तळाला भोकं पाडून पितळी पिना बसवायच्या, बारीक पात्याच्या करवतीने घासलेला दात शेजाऱ्यांपासून सोडवायचा, मार्जिनच्या खालचा स्टोन बरने (ड्रिलच्या बारीक टोकाने) कोरून कड उघडी करायची आणि तिच्यावर लाल पेन्सिलची रेघ मारायची. करवतीने कापलेली डाय पुन्हा जागेवर बसवली की किंचित हलते, कितीही जपा. म्हणून शेजारच्या दातांशी कॅप किती घासते हे बघायला न कापलेलं दुसरं मॉडेल लागतं. ते ओतायचा कंटाळा करणाऱ्या लॅब मला माहीत आहेत. त्यांच्या कॅपमध्ये अन्न अडकतं. मग डायवर स्पेसरचा रंग. हाच थर पुढे सिमेंटची जागा होतो, साधारण २५ ते ४० मायक्रॉन. मार्जिनच्या आधी अर्धा ते एक मिलिमीटर कोरा सोडायचा, तिथे कॅप दाताला थेट भिडली पाहिजे. स्पेसरच्या बाटल्या महाग होत्या त्या काळात कित्येक ठिकाणी नेलपॉलिशवर काम भागायचं. राजवाड्याजवळच्या दुकानदाराला मी गडद लाल रंगाच्या बाटल्या एवढ्या कशाला नेते याचं भारी कुतूहल होतं. माझी नखं तर कायम पांढरी!

एवढं करून शेवटी फट राहतेच. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दोघांनी पाच वर्षांत हजाराच्या वर कॅप-इनले तपासून १९७१ मध्ये लिहिलं की मार्जिनशी १२० मायक्रॉनपर्यंतची फट तोंडात चालून जाते. हा आकडा आजही सगळे देतात. काही जण तो परवाना समजतात. मला तो उधारीची मर्यादा वाटतो. तिथपर्यंत जायचंच असं नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत कास्टिंग होतं. तिथले भैया माळव्यातले, माझ्यापेक्षा जुने. निकेल-क्रोमचा धातू गोठून गार होईपर्यंत दोन टक्क्यांहून थोडा जास्त आकसतो, सोन्याच्या मिश्रधातूपेक्षा बराच जास्त. दहा मिलिमीटरच्या दाढेला हे जवळजवळ पाव मिलिमीटर. एवढी तूट साच्याच्या फुगण्याने भरून काढायची, आणि साचा किती फुगेल हे ते त्यात घालायच्या खास द्रवात पाणी किती मिसळतात त्यावर ठरतं. त्यांचं प्रमाण भिंतीवर खडूने लिहिलेलं असतं. एकदा खरेदीवाल्यांनी स्वस्त पडतो म्हणून दुसराच डाय स्टोन आणला, कमी फुगणारा. डब्यावर तसं छापलेलं होतं. म्हणजे स्टोन जुन्यापेक्षा खराच होता. "ताई, सब टाइट आ रहा है," असं भैया सांगत राहिले. आत रंग लावून बघावं तर कॅप सगळीकडून दाबतेय. आम्ही मेण बदलून पाहिलं, भट्टी तपासली. शेवटी भैयांनी माझ्या टेबलावरचा डबा उचलून मागची बारीक अक्षरं वाचली आणि मान डोलावली. जुन्या स्टोनच्या फुगण्यावर त्यांचं खडूचं प्रमाण बसलेलं होतं. स्टोन सुधारला आणि काम बिघडलं. त्यांनी पाण्याचं प्रमाण बदललं, भिंतीवर नवा आकडा लिहिला, खाली स्टोनचं नावही लिहिलं. तेव्हापासून दोन्ही खोल्यांची एकच वही आहे.

आता लॅबमध्ये स्कॅनर आला आहे. निम्म्याच्या वर काम कॉम्प्युटरवर येतं, मॉडेल लागलंच तर रेझिनमध्ये छापून निघतं. सगळे मला म्हणतात, ताई, आता तुमच्या पाण्या-पावडरीची कटकट गेली. मी झिर्कोनियाची, म्हणजे कॅप कोरायच्या सिरॅमिकची, चकती हातात घेऊन त्यांना कड दाखवते. तिच्यावर एक आकडा छापलेला असतो, या खेपेचा. मशीन कॅप कोरतं ती वीस-पंचवीस टक्के मोठी, खडूएवढी मऊ. मग दीड हजार अंशांच्या भट्टीत ती आकसून मापावर येते. आकडा चुकीचा टाकला तर सुंदर, चकचकीत आणि निरुपयोगी कॅप मिळते. छापलेलं रेझिनचं मॉडेलही नीट धुतलं-वाळवलं नाही तर वाकतं. तोंडातला स्कॅनर छोटे छोटे फोटो जोडत जातो. एका-दोन दातांना उत्तम, पण सगळा जबडा जोडत गेलं तर प्रत्येक जोडाची किंचित चूक पुढे सरकत शेवटच्या दाढेपर्यंत पोचते. मालकांना प्लास्टर रूमच्या जागी दुसरं मिलिंग मशीन ठेवायचं आहे. जागेचा हिशेब केला तर त्यांचं बरोबर आहे. सिंक तुंबणंही थांबेल.

डिझाइनच्या टेबलावर नुकताच लागलेला पोरगा हुशार आहे. सॉफ्टवेअरमध्ये सिमेंटच्या जागेसाठी एक चौकट असते. त्याने कॅपभर एकच आकडा टाकला होता. मी म्हटलं, मार्जिनपासून मिलिमीटरभर कमी कर. "का, ताई?" मी कपाटातून एक जुनी डाय काढून त्याच्या हातात दिली आणि लाल रेघ अन् रंगाच्या मधली कोरी पट्टी दाखवली. त्याने ती कॅलिपरने मापली, आकडा बदलला, आणि दुसरी केस उघडून विचारलं, या ब्रिजलाही तेवढंच ठेवू का. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा ब्रिज होता, स्कॅनवर आलेला. त्याला म्हटलं, हा बंद कर. डॉक्टरांना फोन लाव, म्हणावं माप हाताने घ्या, आणि ट्रेला चिकटद्रव्य लावायला सांग.